दोरीचा वाटा

लेकीच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं नसतं. आणि लेक हॉटेलात नोकरीला असेल, तिथेच राहत असेल, तर ते हॉटेलच तिचं घर. बाबूचं गणित असं सरळ होतं. म्हणून देवबागहून निघताना त्याने पिशवीत सहा नारळ भरले, कोकमाच्या आगळाची बाटली भरली, आणि शेवंती दाराला कुलूप लावत होती तेवढ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे तळाशी सारले. एसटीत त्याच्या शेजारी कोणी फार वेळ टिकलं नाही. बाबूला वाटलं, लोकांना खिडकी हवी असते.

हॉटेलाचं नाव कातळबाग. नांदगावच्या पुढे, डोंगरउतारावर, काजूच्या झाडांत पसरलेलं. शंभर खोल्या, पोहायचा तलाव, टेनिस, बॅडमिंटनचा मोठा हॉल, पळायला तांबडी गोल वाट आणि खालच्या अंगाला क्रिकेटचं मैदान. बाबूच्या लेखी हॉटेल म्हणजे मालवणच्या स्टँडसमोर उसळपाव मिळतो ते. फाटकातून आत नजर टाकून तो जागीच थांबला.

"शेवंती, ह्या हाटेल नाय गो. ह्यो अख्खो गाव आसा."

"हळू बोला," शेवंती म्हणाली.

घरून निघतानाच तिने नवऱ्याला तीन अटी घातल्या होत्या. मोठ्याने बोलायचं नाही, लुंगीवर खोलीबाहेर पडायचं नाही, आणि अक्षयाच्या कामात नाक खुपसायचं नाही. शेवटच्या दोन बाबूने मनापासून कबूल केल्या. पहिलीचं काय करायचं ते त्यालाही कळत नव्हतं. साठी उलटेपर्यंत जो माणूस लाटांच्या आवाजावरून हाका मारत आला, त्याला हळू बोल म्हणणं म्हणजे कोंबड्याला पहाटे गप्प बस म्हणण्यासारखंच.

काउंटरवरच्या पोराने अदबीने पिशवी उचलली, दोन पावलं चालला आणि थांबला. "काका, यात काही... जिवंत आहे का?"

बँकेत, कचेरीत आणि इस्त्रीच्या कपड्यांसमोर बाबू पुस्तकी मराठी बोलतो. तो ताठ उभा राहून म्हणाला, "नाही साहेब. मेलेलं आहे. मी स्वतः वाळवलेलं आहे."

शेवंतीने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता. बांगड्यांची रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथला मासे करणारा आचारी लवू मूळचा तारकर्लीचा; त्याने पुडी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि ती अशा ठिकाणी ठेवली की दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये.

एवढ्यात अक्षया धावत आली. पायांत बूट, गळ्यात शिट्टी, केस घट्ट बांधलेले. ती या हॉटेलची क्रीडाप्रमुख. नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि नोकरांच्या आईबापांना वर्षातून दोन रात्री फुकट राहायला मिळतं म्हणून तिने हट्टाने दोघांना बोलावून घेतलं होतं. लेकीला पाहून बाबूला भरून आलं. पण भरून आलं की त्याला खोकला येतो, तसा तो खोकत राहिला.

खरी गोष्ट अशी की बाबू लेकीपुढे जरा चोरटाच असायचा. त्याला कारण होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. देवबागच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकून यायचं लांबच्या लांब जाळं. त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन्हींवर सगळा गाव. ओढून झालं की रेतीवर माशांचे वाटे घालतात. दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा, मग तो पाटील असो की वाटेने जाणारा पावणा. त्या दिवशी वाटे घालत होता बाबू, आणि नुकतीच बारावी झालेली अक्षया टोपली घेऊन समोर उभी होती. तिने तिथेच सांगितलं की मला कोल्हापूरला खेळाचं शिक्षण घ्यायचंय, मला कबड्डी शिकवायची आहे. बाबूने मान वर न करता सगळ्यांदेखत विचारलं, "खेळान वाटो गावता काय गो?"

खेळून कोणाला वाटा मिळतो, म्हणत माणसं खो खो हसली. अक्षया आपला वाटा न घेता रिकामी टोपली घेऊन घरी गेली. पुढे ती कोल्हापूरला गेली, शिकली, पदकं आणली, नोकरीला लागली. ते बोलणं तिने पुन्हा काढलं नाही. पण बाबूच्या मनातून ते गेलं नाही. काट्यासारखं आत राहिलं. माफी मागायची कशी, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि एकसष्टाव्या वर्षी शिकायचं कुठे?

अक्षयाने दोघांना सगळं हॉटेल फिरवून दाखवलं. बॅडमिंटन हॉल चकचकीत, पण आत चिटपाखरू नव्हतं. टेनिसच्या जाळीवर एक कावळा बसला होता. पाहुणे होते सगळे तलावाच्या कडेला आडवे, हातात फोन. पुण्याच्या एका कंपनीची तीस माणसं दोन दिवस 'एकमेकांशी जोडलं जायला' आली होती आणि तीसच्या तीस आपापल्या फोनला जोडलेली होती.

मैदानाच्या तळाशी, एका जुन्या काजूखाली, भलामोठा दगडी रोलर तिरका रुतून बसला होता.

"ह्यो हय कित्या?" बाबूने विचारलं.

"पावसात घसरान खाली गेलो. सा म्हयने जेसीबी येतलो येतलो म्हणतत," अक्षया म्हणाली. "रोलर नाय तर पीच नाय, पीच नाय तर क्रिकेट नाय."

ती हे हसून म्हणाली, पण शेवंती आई होती. तिने लेकीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "काय झाला ता सांग."

मग सगळं बाहेर आलं. मालकांना खेळाच्या मैदानात राम वाटत नव्हता. तिथे हिरवळ लावून लग्नं घ्यायची, असं त्यांच्या मनात होतं. मॅनेजर गुरुप्रसाद साहेब माणूस वाईट नाही; त्यांनी तिच्यासाठी एक संधी मागून घेतली होती. रविवारी सकाळी क्रीडा मेळावा. मैदानावर चाळीस पाहुणे खेळताना दिसले, तर मैदान राहील आणि अक्षयाही कायम होईल. नाही तर एप्रिलपासून मांडव, आणि अक्षयाला घरचा रस्ता.

"किती नावां इली?" बाबूने विचारलं.

"सा."

बाबूने तोंड उघडलं. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. बाबूने तोंड मिटलं.

त्या रात्री खोलीतल्या गादीवर दोघांना झोप आली नाही. गादी इतकी मऊ की कूस बदलायला जोर लावावा लागे. शेवटी बाबू खाली फरशीवर चादर टाकून आडवा झाला आणि म्हणाला, "माका काय तरी करूक व्हया."

"काय्येक करू नकात," शेवंती वरून म्हणाली. "तुमी काय नाय केलास, तर तोच तिका मोठो उपकार."

रविवारी सकाळी आठ वाजता मैदानावर फुगे होते, पताका होत्या, लिंबूसरबताचं पिंप होतं आणि अकरा पाहुणे होते. त्यांतले दोघे सरबताला आलेले. मॅनेजर गुरुप्रसाद पांढऱ्या शर्टात, हात पाठीमागे बांधून कडेला उभे होते. अधूनमधून घड्याळ बघत होते. अक्षया मात्र अकरा जणांना अकराशेसारखी वागवत होती. लिंबू-चमचा झाला, तीन पायांची शर्यत झाली. टाळ्या तीच वाजवत होती, शिट्टी तीच.

मग तिने रस्सीखेच पुकारली. गोदामातून जाडजूड नवी दोरी आली. जिंकणाऱ्याला हॉटेलच्या बागेतल्या काजूगरांची पाच किलोंची पेटी. पेटीचं नाव ऐकून पुण्याच्या कंपनीतले आठ जण पुढे झाले. त्यांचा म्होरक्या दीपेश, खांद्याने रुंद आणि हसरा. पण समोर कोण? अक्षयाने हॉटेलचाच संघ उभा केला. बागेतले चार माळी, दोन वाढपी, लवू आचारी. सातच भरले.

अक्षयाने चारी बाजूंना पाहिलं आणि खाल मानेने बापापुढे आली. "बाबा, एक माणूस कमी आसा."

बाबूने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने आकाशाकडे पाहिलं. म्हणजे परवानगी. बाबूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या, हातांवर थुंकला आणि दोरीच्या अगदी शेवटाला जाऊन उभा राहिला. लवू त्याच्या पुढे. तीनांतले दोन डाव जिंकायचे.

पहिल्या डावात बाबू अटीला जागून गप्प राहिला, आणि हॉटेलचा संघ शिट्टीबरोबर तोंडावर पडला. दुसऱ्या डावात त्याच्याने राहवलं नाही. "अरे हातान ओढू नकात! टाच रोवा! पाठ टाका मागे, पाठ! मी म्हणतंय तेवाच एकदम!" माळ्यांनी टाचा रोवल्या. पुण्याची पोरं व्यायामशाळेतली, दंड कमावलेली. पण दंडाने दोरी येत नाही, येते टाचेने, आणि हे व्यायामशाळेत शिकवत नाहीत. दुसरा डाव हॉटेलने मारला. तलावाकडून दोन-चार माना वळल्या.

आता तिसरा. बाबूच्या अंगात वारं भरलं. "हं!" म्हटलं की आठ पाठी मागे, "हं!" की एक पाऊल. लाल फडकं इंचाइंचाने हॉटेलच्या बाजूला यायला लागलं. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. दीपेशच्या कपाळाची शीर फुगली. अक्षयाच्या तोंडात शिट्टी तयार. आणखी हातभर, की डाव संपला.

एवढ्यात बाबूच्या पाठीला मेंदीचं कुंपण लागलं.

आता रापणीची रीत अशी. दोरी ओढत मागे मागे जायचं. शेवटच्या माणसाची पाठ माडाला लागली, की त्याने दोरी सोडायची, धावत पुढे पाण्यापाशी जायचं आणि तिथे पुन्हा दोरीला हात घालायचा. मग त्याच्या पुढचा. तशी माळ फिरत राहते आणि जाळं येत राहतं. चाळीस वर्षं बाबूने हे केलं होतं. जित्याची खोड ती. पाठीला कुंपण लागलं, हात आपोआप सुटले, आणि बाबू दोरी सोडून जो धावत सुटला तो लाल फडकं ओलांडून थेट दीपेशच्या नाकासमोर दोरी धरून ओढायला लागला. बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच्या पुढे होता लवू, तोही तारकर्लीचा. बाबू गेला म्हणजे आता शेवट आपण, असं त्याच्या रक्ताने त्याला सांगितलं. त्यानेही दोरी सोडली आणि तोही धावला.

शेवटचे दोन खांब निघाल्यावर मांडवाचं जे होतं ते झालं. सहा जण पुढे कोसळले, आठ जण मागे कोसळले, आणि मधोमध बाबू आणि लवू दोरी धरून उभे होते, कुठल्या संघाचे ते देवालाच ठाऊक.

मग सगळ्या मैदानावर असं काही हसू फुटलं की वरच्या गॅलऱ्यांची दारं उघडली.

अक्षयाने शिट्टी फुंकली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "फाऊल. हॉटेलचा संघ बाद. पुण्याचा संघ विजयी."

बाबू काजूखाली रोलरवर जाऊन बसला. शेवंती बाजूला येऊन बसली आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं बाबूला फार वाटलं. लेकीचा एकच दिवस होता आणि तोही आपण मातीत घातला. आठ वर्षांपूर्वी तोंडाने घातला होता, आज पायांनी.

"काका, एक विचारू का?" दीपेश समोर उभा होता. हसून हसून त्याचे डोळे ओले झाले होते. "तुम्ही जिंकत होता. मग पळालात कशाला?"

बाबूचं डोकं सटकलं आणि पुस्तकी मराठी खिशातच राहिली. "पळालंय खंय? फुडे गेलंय! पाटी जागा संपली तर माणसान काय करूचा? दोरी घेवन झाडार चडूचा?"

आणि मग त्याने हातवारे करत सगळं सांगितलं. होडी, जाळं, दोन दोऱ्या, माडाला लागणारी पाठ, पुढे धावणारा माणूस, रेतीवरचे वाटे. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. ऐकायला आधी दीपेश होता, मग त्याचे सात जण, मग वरून हसणं ऐकून उतरलेले वीसेक लोक.

"म्हणजे शेवटचा माणूस पहिला होतो?" दीपेशने विचारलं.

"होय तर. नि परत शेवटाक येता."

"आम्हाला करून दाखवा ना."

"हय?" बाबू चिडून म्हणाला. "हय काय ओढतलास? दर्या खंय आसा?"

तेव्हा अक्षया म्हणाली, "बाबा, तुमी कशार बसलास ता बघा."

बाबूने खाली पाहिलं. तो उठला, रोलरभोवती एक फेरी मारली, चढ नजरेने मोजला, पायाने माती दाबून पाहिली. चेहऱ्यावरची चीड गेली आणि तिथे कामाचा माणूस आला. "दोन दोऱ्ये व्हयेत. लवू, दगड घेवन रोलराच्या पाटी ऱ्हव; थांबलो की टेकण लाव, नायतर परत खाली जायत. नि माणसां व्हयी. ह्या एवढ्यांनी ह्यो हलूचो नाय."

"मगे बोलवा माणसां," अक्षया म्हणाली.

"बोलवू?"

त्याने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने पदर खोचला. "माझ्याकडे काय बघतास? बोलवा! नांदगाव टेसनार आयकाक जांवदे!"

बाबूने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि कालपासून कोंडून ठेवलेला आवाज एकदाचा मोकळा सोडला. "रापण लागली रेऽऽऽ! हात लावक येवाऽऽऽ!"

देवबागच्या किनाऱ्यावर ही हाक आली की आजारीसुद्धा अंथरुणातून उठतात. कातळबागेतल्या माणसांना तिचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. पण आवाजच असा होता की त्याला नाही म्हणता येऊ नये. तलावातली माणसं अंगावर टॉवेल गुंडाळून आली. पुण्याची उरलेली बावीस आली. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आलेलं सांगलीचं एक कुटुंब आलं, आजी-आजोबांसकट. एकजण अर्ध्या गालावर दाढीचा फेस घेऊन आला. वाढपी आले, धोबी आला, मालिशवाल्या मुली आल्या. सांगलीच्या आजोबांनी काठी टेकत विचारलं, "मला ओढवणार नाही. नुसता हात लावला तर चालेल?"

"हात लावलात तरी पुरे," बाबू म्हणाला. "दोरीक हात लागलो, तेका वाटो."

रोलरच्या लोखंडी चौकटीला एका अंगाला नवी दोरी बांधली, दुसऱ्या अंगाला जुनी. एकीवर बाबू, दुसरीवर शेवंती. शेवंती काही कमी नव्हती. तिनेही उभी हयात दोरी ओढली होती, फक्त त्याबद्दल ओरडली नव्हती. अक्षया मध्ये शिट्टी घेऊन. शिट्टी वाजली की ओढ, शिट्टी थांबली की टेकण.

पहिल्या ओढीला रोलर नुसता कण्हला. दुसरीला मातीने 'चप्' असा आवाज केला आणि त्याला सोडलं. तिसऱ्या ओढीला तो वीतभर वर आला, आणि अशी आरोळी उठली की काजूवरचे कावळे उडाले. "फुडे जा! पाठ लागली की फुडे!" बाबू ओरडत होता. माणसं मागे मागे जात होती, कुंपणाला लागत होती, दोरी सोडून हसत-ओरडत पुढे धावत होती आणि जिथे हात पडेल तिथे दोरी पकडत होती. दीपेशच्या पुढे धोबी, धोब्यापुढे सांगलीच्या आजी, आजींपुढे अर्ध्या दाढीचा. फोन सगळे सरबताच्या टेबलावर ढिगाने पडले होते आणि वाजून वाजून थकले होते.

कडेला गुरुप्रसाद साहेब बोटाने माणसं मोजत होते. वीसपर्यंत जात, आणि मोजलेला माणूसच पळत पुढे येऊन पुन्हा समोर उभा राही. तीनदा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यांदा नाद सोडला.

पाऊण तासाने रोलर खेळपट्टीच्या टोकाला येऊन उभा राहिला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोणीतरी दीपेशला उचललं, कोणीतरी लवूला. बाबूला उचलायला आले तेव्हा शेवंती ओरडली, "तेंची कंबर आधीच गेलेली आसा, खाली ठेवा!"

दीपेशने काजूची पेटी आणून बाबूपुढे ठेवली. "ही आमच्या संघाची. पण तुमच्या रीतीने वाटे घाला, काका."

"अक्षया," गुरुप्रसाद साहेब पुढे येत म्हणाले, "मला मालकांना आकडा सांगायचाय आणि ही माणसं एका जागी थांबतच नव्हती. नक्की किती होते?"

अक्षयानेही मोजले नव्हते. तिच्या गळ्यातली शिट्टी वरखाली होत होती ती बाबूला दिसली.

"साहेब," बाबू म्हणाला, "वाटे घातले की समजतं."

पिंपाखालचं प्लास्टिक पसरलं. बाबू उकिडवा बसला. एकेक माणूस समोर यायचा, आणि बाबू एक ओंजळ त्याच्या नावाने मांडायचा. हात इतका सरावाचा की ओंजळीला ओंजळ जुळावी. कोण दोरीला होतं आणि कोण नुसतं बघत होतं हे त्याच्या डोळ्यांतून सुटलं नव्हतं. नुसत्या सरबताला आलेल्या दोघांना त्याने हसत परत पाठवलं. सांगलीच्या आजोबांना पूर्ण वाटा मिळाला. ते तो लहान पोरासारखे खिशात भरत होते. शेवटची ओंजळ पडली तेव्हा त्रेसष्ट वाटे झाले होते.

"त्यातली आपली माणसं पंधरा," गुरुप्रसाद साहेबांनी मनाशी हिशोब केला. "पाहुणे अठ्ठेचाळीस." त्यांनी तो आकडा एकदा पुटपुटून पाहिला आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. मग त्यांनी एका ढिगाकडे सहज हात नेला.

"साहेब, तुम्ही दोरीला हात लावला होता का?" बाबूने अदबीने विचारलं.

"नाही."

"मग वाटा नाही."

लोक हसले. साहेबांनी बाह्या वर केल्या, मैदानात गेले, मातीने माखलेली दोरी दोन्ही हातांनी गोळा करून वेटोळं घातलं आणि पांढऱ्या शर्टावर तसंच वागवत परत आणलं. बाबूने पेटीत हात घातला आणि चौसष्टावी ओंजळ मांडली. पेटीच्या तळाशी अजून गर राहिले. चिमूटभर त्याने देवाच्या नावाने पानावर ठेवले.

"आता एक ऱ्हवलो," तो म्हणाला. "रापणीक जाळ्याचो वाटो वेगळो असता. हयसर जाळा नाय, दोरी आसा. दोरी कोणाची?"

"हॉटेलची," वाढप्यांतला कोणीतरी म्हणाला.

"दोरी क्रीडाप्रमुखांची," गुरुप्रसाद साहेब म्हणाले आणि वेटोळं अक्षयाच्या हातात दिलं. "रोलरही त्यांचाच, मैदानही. मालकांना मी आज फोन करतो. लग्नं कुठेही लागतात."

टाळ्या झाल्या. अक्षयाने दोरी खाली ठेवली. तिला हसायला येत होतं आणि रडायलाही. "बाबा, माका नको. मी दोरीक हात खंय लावलंय? मी नुसती शिटी वाजवी होतंय."

बाबूने पेटी उलटी केली. उरलेले सगळे काजू दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतले, गुडघ्यांवर जोर देऊन उठला आणि लेकीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला खोकला आला. त्याने तो येऊ दिला, जाऊ दिला, आणि मग सगळ्यांदेखत बोलला, कारण मागेही तो सगळ्यांदेखतच बोलला होता.

"आठ वर्सां झाली. मी इचारलेलंय, खेळान वाटो गावता काय. तू काय बोललंस नाय, रिकामी टोपली घेवन गेलंस." त्याचा आवाज आता कोणी न सांगता हळू झाला होता. "गावता गो बाये. माझा चुकला. धर, तुझो वाटो."

अक्षयाने दोन्ही हात पुढे केले. काजू इतके होते की ओंजळीत मावेनात. दोन-चार गवतात पडले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून शेवंतीने पदराने तिचे डोळे पुसले, आणि तोच पदर मग बाबूच्या तोंडावरून फिरवला.

"तुमचो वाटो खंय, बाबा?" अक्षयाने विचारलं.

बाबूने प्लास्टिककडे पाहिलं. चौसष्ट माणसांचं सगळं चोख झालं होतं, फक्त वाटे घालणारा स्वतःला विसरला होता. अक्षया हसली, ओंजळ तशीच उचलली आणि त्यातले पहिले चार काजू तिने बापाच्या तोंडात घातले.